संगणकाच्या पेटीचे प्लॅस्टिक कापताना : कोणते अवजार, कशासाठी?

घरदार, शेतीवाडी, सगळ्याचा त्याग केलेल्या भिक्षूजवळही आठ वस्तू असाव्यात, असे बौद्ध परंपरा सांगते. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरबंध आणि पाणी गाळण्याचे वस्त्र यांच्याबरोबर त्या आठांत एक वस्तरा आहे आणि एक सुई आहे. म्हणजे ज्याने सर्व सोडले, त्यालाही कापण्याचे एक आणि सांधण्याचे एक अवजार लागतेच. स्मरणिकेत दरवर्षी धम्म, शिक्षण आणि समाजकार्य या विषयांवर लेख येतात. यंदा आम्ही एका अगदी लहान, पण हाताच्या कामाच्या विषयावर चार शब्द लिहीत आहोत. विद्यार्थ्यांनी तो कंटाळा न करता वाचावा, अशी विनंती आहे.

विहाराच्या सभागृहात आपल्या मंडळातर्फे संगणक वर्ग चालतो. तेथील बहुतेक संगणक कार्यालयांतून निकालात निघालेले आणि हितचिंतकांनी दान दिलेले आहेत. विदर्भातल्या उन्हाळ्यात दुपारी पारा ४५ अंशांकडे जातो आणि वर्गातली यंत्रे चालता चालता बंद पडू लागतात. यामागचे कारण सरळ आहे. संगणकाचा प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि फारच तापला तर यंत्र आपोआप बंद होते. जुन्या पेट्यांपैकी पुष्कळांचा समोरचा भाग गुळगुळीत, बंद प्लॅस्टिकचा असतो. त्याच्या मागच्या लोखंडी पत्र्याला पंख्यासाठी जाळी कोरलेली असते, पण प्लॅस्टिक आडवे आल्यामुळे हवा आत शिरत नाही. अशा वेळी ते प्लॅस्टिक कापून हवेला वाट करून देणे, हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे.

हाच उपाय करताना गेल्या वर्षी आमच्याकडून एक चूक झाली. वर्गातल्या एका होतकरू विद्यार्थ्याने उत्साहाने काम अंगावर घेतले आणि आम्ही त्याच्या हातात कागद कापायचा साधा कटर दिला. पाते जाड प्लॅस्टिकात अडकले, त्याने जोर लावला, पाते निसटले आणि डाव्या तळहाताला तीन टाके पडले. पेटीचा दर्शनी भागही कोपऱ्यापासून तडकला. मुलाला वाटले, आपल्याला हाताचे काम जमत नाही. वास्तविक चूक त्याची नव्हती. चुकीचे अवजार देणाऱ्या आम्हा मोठ्यांची होती. हा लेख त्या चुकीतून लिहिला गेला आहे.

कापण्याची गरज आहे का?

प्रथम हा प्रश्न विचारावा. पेटी उघडून आतली धूळ ब्रशने व फुंकणीने काढावी. पंखा मोकळा फिरतो का ते पाहावे. प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा लेप वाळून गेला असेल तर नवा लावावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. मग समोरचा प्लॅस्टिकचा भाग काढून ठेवून यंत्र तासभर चालवून पाहावे. तो काढल्यावर यंत्र थंड राहिले आणि लावल्यावर तापले, तरच प्लॅस्टिक कापण्यात अर्थ आहे. ही परीक्षा फुकट होते आणि निर्णय अंदाजावर राहत नाही.

आधी वस्तू ओळखावी

अवजाराची निवड हातातल्या वस्तूवरून होते, म्हणून वस्तू ओळखणे ही पहिली पायरी. संगणकाच्या पेटीवर साधारणपणे चार प्रकारचे पदार्थ आढळतात.

१) एबीएस : समोरचा अपारदर्शक काळा किंवा राखाडी भाग बहुधा याचा असतो. आतल्या बाजूला पुष्कळदा तशी अक्षरे साच्यातच उमटलेली दिसतात. हे प्लॅस्टिक चिवट असते, करवतीने व कानशीने चांगले कापले जाते, पण सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडते.

२) अ‍ॅक्रिलिक : काही पेट्यांच्या बाजूला पारदर्शक खिडकी असते, ती पुष्कळदा याची असते. दिसायला सुंदर, पण ठिसूळ. वाकवले की तुटते. ड्रिलचा किंवा करवतीचा झटका बसला की तडा जातो.

३) पॉलिकार्बोनेट : हेही पारदर्शक असते, पण वाकवले तरी सहज तुटत नाही. चष्म्याच्या काचा आणि शिरस्त्राणाच्या पुढच्या पडद्यासाठी हेच वापरतात. रेघ मारून मोडण्याची युक्ती याला लागू पडत नाही.

४) कडक केलेली काच : हल्लीच्या पेट्यांची बाजू पुष्कळदा अशा काचेची असते. हाताला गार आणि जड लागते, नखाने वाजवली तर टणक आवाज येतो. ही काच कोणत्याही अवजाराने कापता येत नाही. कापू गेले तर क्षणात तिचे हजारो तुकडे होतात. येथे हात आवरावा.

जाडी मोजावी

पदार्थ ओळखल्यावर जाडी मोजावी. समोरच्या प्लॅस्टिकची जाडी बहुधा २ ते ३ मिलिमीटर असते, पण आतल्या बाजूला उभ्या-आडव्या मजबुतीच्या पट्ट्या असतात आणि तेथे ती जास्त भरते. कापण्याची रेघ शक्यतो या पट्ट्यांपासून दूर घ्यावी. त्या कापल्या तर सगळा भाग लेचापेचा होतो.

अवजारे आणि त्यांचे काम

अ‍ॅक्रिलिक कटर : याच्या पात्याला आकड्यासारखे वळलेले टोक असते. साध्या कटरचे पाते प्लॅस्टिकला दोन्ही बाजूंना नुसते ढकलते, तर हे टोक प्लॅस्टिकची बारीक सळ खरवडून बाहेर काढते. हा फरक लहान दिसला तरी महत्त्वाचा आहे. स्टीलची पट्टी घट्ट धरून एकाच रेघेवर आठ-दहा वेळा हलक्या हाताने ओढावे. खाच जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून खोल झाली की ती रेघ टेबलाच्या कडेवर ठेवून खाली दाबावे. अ‍ॅक्रिलिक सरळ मोडते. एबीएसचा पातळ तुकडाही असा मोडता येतो. मात्र ही रीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणाऱ्या सरळ रेघेसाठीच आहे. मधोमध खिडकी काढायची असेल तर ती उपयोगाची नाही.

साधा कटर : कागद, पुठ्ठा, चिकटपट्टी आणि अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा प्लॅस्टिकचा कागद एवढेच याचे काम. त्याचे पाते टप्प्याटप्प्याने मोडता यावे म्हणून मुद्दाम कमकुवत केलेले असते. जाड प्लॅस्टिकवर जोर लावला की ते नको त्या वेळी मोडते. आमच्या विद्यार्थ्याला झालेली इजा अशाच जोराची होती.

कात्री : पत्रा कापायच्या कात्रीने एक-दीड मिलिमीटरपर्यंतचे पॉलिकार्बोनेट आणि धुळीच्या जाळ्या चांगल्या कापता येतात. अ‍ॅक्रिलिकला कात्री लावू नये. ते कापले न जाता फुटते.

करवत : समोरच्या एबीएससाठी हेच मुख्य अवजार. येथे एक साधा नियम लक्षात ठेवावा. कापायच्या जाडीत एका वेळी करवतीचे किमान दोन ते तीन दात टेकले पाहिजेत. एकच दात टेकला तर तो प्लॅस्टिकात अडकतो, झटका बसतो आणि कड तुटते. लोखंड कापायच्या हॅकसॉची पाती एका इंचात १८, २४ किंवा ३२ दातांची मिळतात. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. तेव्हा दोन दातांतले अंतर अनुक्रमे सुमारे १.४, १.०६ आणि ०.८ मिलिमीटर होते. अडीच मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकात १८ दातांच्या पात्याचे दोन दातही धड टेकत नाहीत, २४ च्या पात्याचे दोन टेकतात आणि ३२ च्या पात्याचे तीन. म्हणून ३२ दातांचे पाते घ्यावे. करवत थोडी तिरपी, आडवी धरली तर आणखी दात टेकतात. बारीक दातांत प्लॅस्टिकचा भुगा अडकतो, म्हणून मधूनमधून जुन्या दात घासायच्या ब्रशने ते साफ करावेत.

फ्रेटसॉ : बारीक पात्याची, कमानीसारख्या चौकटीची ही करवत अनेकांनी शाळेच्या कार्यानुभवात पाहिलेली असेल. तिचे पाते एका टोकाला सोडवून भोकातून ओवता येते आणि पुन्हा ताणून बसवता येते. म्हणून मधल्या खिडकीसाठी आणि वळणाच्या रेघेसाठी हिच्यासारखे अवजार नाही. कमानीची खोली मात्र पाहून घ्यावी. खिडकी कडेपासून जितकी आत, तितकी खोल कमान लागते.

ड्रिल : हाताने फिरवायचे असो की विजेचे, वेग कमी ठेवावा. आधी ३ मिलिमीटरचे भोक पाडून मग मोठे करावे. मागे लाकडाची फळी घट्ट लावावी, म्हणजे बिट पलीकडे निघताना प्लॅस्टिक तडकत नाही. पायऱ्यापायऱ्यांचा शंकूसारखा बिट मिळतो, तो पातळ प्लॅस्टिकला फार चांगला. तो भोक हळूहळू रुंद करतो, झटका देत नाही.

कानस आणि पॉलिश पेपर : करवत रेघेच्या आत एक मिलिमीटर ठेवावी आणि उरलेले काम कानशीने पूर्ण करावे. अर्धगोल कानस घेतली तर सरळ आणि गोल दोन्ही कडा होतात. शेवटी १२०, २४० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने फिरवावा. पेपर पाण्यात भिजवून घासला तर धूळ उडत नाही. अ‍ॅक्रिलिकची ताजी कापलेली कड स्पिरिटने पुसू नये, तिच्यावर बारीक भेगा उमटतात. साबणाचे पाणी पुरे.

विजेची यंत्रे : लोकांचा मोठा गैरसमज

बाजारात हातात मावणारे, बारीक चकती फिरवणारे विजेचे यंत्र मिळते. मिनिटाला तीस हजारांहून अधिक फेरे, ही त्याची जाहिरात असते. मुलांना ते पाहताक्षणी आवडते. लोखंडासाठी ते उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण पातळ प्लॅस्टिकचा शत्रू धार नसून उष्णता आहे. चकती वेगाने घासली की प्लॅस्टिक कापले जाण्याऐवजी वितळते, चकतीच्या मागे पुन्हा गोठते आणि फट जिथल्या तिथे बुजते. कडेला गोठलेल्या गोळ्यांची ओबडधोबड झालर तयार होते, तिला साफ करायला करवतीपेक्षा जास्त वेळ जातो. हे यंत्र वापरायचेच असेल तर सर्वांत कमी वेग, दातेरी चकती आणि थोडे कापून थोडे थांबणे, ही पद्धत ठेवावी. दगडाच्या पातळ चकत्या जराशा तिरक्या झाल्या की फुटतात, म्हणून डोळ्यांवर गॉगल असल्याशिवाय यंत्राला हात लावू नये.

वेल्डिंगवाल्यांकडचा ग्राइंडर तर या कामाला मुळीच आणू नये. १०० मिलिमीटरची चकती मिनिटाला ११,००० फेरे फिरते, तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरहून अधिक होतो. अडीच मिलिमीटरच्या प्लॅस्टिकसाठी एवढ्या वेगाची काहीच गरज नाही.

काहीजण सोल्डरिंगची तापलेली इस्त्री किंवा गरम सुरी वापरतात. हे सोपे वाटते, पण एबीएस जळताना स्टायरीनसारखे विषारी वायू निघतात आणि पीव्हीसी असेल तर हायड्रोजन क्लोराइडची तिखट वाफ. विहाराच्या बंद खोलीत मुले बसलेली असताना हे करणे म्हणजे अपराध आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक उदाहरण : पंख्यासाठी खिडकी

पेट्यांत सर्वसाधारणपणे १२० मिलिमीटरचा पंखा बसतो. त्याच्या दोन स्क्रूंमधले अंतर १०५ मिलिमीटर असते. त्याच्यासमोर किती मोठी वाट हवी? काहीजण म्हणतील, ड्रिलने चाळीसएक भोके पाडली की झाले. गणित करून पाहू. ८ मिलिमीटर व्यासाच्या ४० भोकांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर भरते. ११५ मिलिमीटर व्यासाच्या एका गोल खिडकीचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे चाळीस भोके पाडण्याची मेहनत करूनही वाट पाचव्या हिश्शाएवढीच मिळते. म्हणून खिडकीच काढावी. काम पुढील क्रमाने करावे.

१) वीजजोड काढून समोरचा भाग पेटीपासून सोडवावा. तो आतल्या खिट्ट्यांनी बसवलेला असतो. बटणाच्या आणि दिव्यांच्या तारा कोठे जोडल्या होत्या, त्याचे छायाचित्र आधी घ्यावे.

२) कापण्याचे काम पेटीपासून दूर, दुसऱ्या टेबलावर करावे. भुगा आत गेला तर एका दुरुस्तीतून दुसरी निघते.

३) प्लॅस्टिकवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर कंपासने वर्तुळ काढावे. पट्टीमुळे रेघ स्पष्ट दिसते आणि पृष्ठभागावर ओरखडे पडत नाहीत.

४) वर्तुळाच्या आत, रेघेला लागून ६ मिलिमीटरचे एक भोक पाडावे. फ्रेटसॉचे पाते त्यातून ओवावे.

५) दोन शिकंज्यांनी प्लॅस्टिक टेबलाला घट्ट बांधावे. हाताने धरून करवत चालवू नये. प्लॅस्टिक थरथरले की तडकते.

६) करवत हळू, पूर्ण लांबीने चालवावी. शेवटचे दोन सेंटिमीटर उरले की आतला तुकडा दुसऱ्याने धरावा, नाहीतर तो स्वतःच्या वजनाने वाकून कड मोडतो.

७) कानस, पॉलिश पेपर आणि मग मागून बारीक जाळी. खिडकीला लावायची डासांची जाळी चालते. ती काही प्रमाणात हवा अडवते, म्हणून महिन्याने काढून धुवावी.

चौकोनी खिडकी हवी असेल तर चारही कोपऱ्यांत आधी गोल भोके पाडावीत आणि मग भोकापासून भोकापर्यंत कापावे. टोकदार कोपऱ्यात सगळा ताण एकवटतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. गोल कोपऱ्यात तो पसरतो. आमचा दर्शनी भाग तडकला तो हे न केल्यामुळे.

हात आणि डोळे आधी

कापताना दुसरा हात पात्याच्या पुढे कधीही असू नये, शेजारी किंवा मागे असावा. गॉगल आणि नाकावर मास्क ठेवावा. पाते बोथट झाले की बदलावे. बोथट पाते सुरक्षित असते ही समजूत खोटी आहे, कारण त्याला जोर जास्त लागतो आणि जास्त जोरातच हात निसटतो. पेटीतला वीजपुरवठा देणारा डबा उघडू नये. जोड काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार शिल्लक असू शकतो. मोडलेली पाती कचऱ्यात तशीच टाकू नयेत. डब्यात बंद करून, डब्यावर लिहून द्यावीत. कचरा वेचणारे हात बहुधा आपल्याच समाजातल्या माताभगिनींचे असतात, याचे भान आपल्याला तरी हवे.

काय विकत घ्यावे?

मंडळाने किंवा वस्तीतल्या चार विद्यार्थ्यांनी मिळून घ्यायचे तर पुढील वस्तू पुरतात : ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, अ‍ॅक्रिलिक कटर, फ्रेटसॉ आणि तिची दहा-बारा पाती, हॅकसॉची मूठ व ३२ दातांची पाती, अर्धगोल कानस, दोन शिकंजे आणि गॉगल. विजेचे चकती-यंत्र सर्वांत शेवटी. किंवा घेऊच नये. ही सारी अवजारे हाताने चालतात, वीज गेली तरी काम थांबत नाही आणि मुख्य म्हणजे ती चूक हळू करतात. करवत रेघ सोडू लागली तर शिकणाऱ्याला थांबायला वेळ मिळतो. वेगवान यंत्र तो वेळ देत नाही.

अवजार कोणाच्या हातात?

शेवटी एका गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यांच्या तोंडचा धागा इतर कामगारांना चालत नसे. जास्त मजुरी नेमकी त्याच खात्यात होती. बाबासाहेबांनी हा अन्याय उघडपणे मांडला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी आपल्या मुलांना तंत्रशिक्षण मिळावे यासाठी आग्रह धरला. पोट भरण्याचे अवजार कोणाच्या हातात द्यायचे आणि कोणाच्या नाही, हे जेथे जातीने ठरत होते, तेथे अवजार हाती येणे हीसुद्धा समतेचीच लढाई होती.

आपल्या आजोबांच्या हातात कुऱ्हाड होती, पुस्तक नव्हते. आज पुस्तक आले, संगणक आला. आता अवजार हलके समजून बाजूला ठेवले तर आपण अर्धेच शिकलो असे होईल. आणि अवजार न समजता नुसते हातात दिले तर आमच्या विद्यार्थ्याचे झाले तसे होईल.

तो विद्यार्थी जखम भरल्यावर पुन्हा वर्गात आला. या वेळी आम्ही त्याला आधी टाकाऊ प्लॅस्टिकचे तुकडे, फ्रेटसॉ आणि गॉगल दिला. चार तुकडे त्याने बिघडवले, पाचवा नीट कापला. त्यानंतर त्याने दोन पेट्यांच्या खिडक्या काढल्या. एक किंचित वाकडी आहे, दुसरी सरळ. यंदाच्या वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या आठवड्यात भर दुपारी ते दोन्ही संगणक बंद न पडता चालले. सभागृहात येणाऱ्या समाजबांधवांनी ती वाकडी खिडकी जरूर पाहावी आणि आपल्या मुलामुलींना या कामासाठी वर्गात पाठवावे. अवजारे मंडळाची आहेत, म्हणजे सर्वांची आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!